हृदयरोगतज्ज्ञ शोधण्याआधी आरोग्यमित्राला भेटा

‘डॉक्टर, कार्डावर इलाज करणारा हार्टचा चांगला डॉक्टर सांगा.’ अंबड, परतूर, मंठ्याकडून येणारे नातेवाईक हे इतक्यांदा विचारतात की आजचा लेख त्यावरच लिहितो आहे.

पहिली गोष्ट लक्षात घ्या. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांमध्ये नोंदणी रुग्णालयाची होते, एकट्या डॉक्टरची नाही. तीही विभागवार होते. एखाद्या रुग्णालयाच्या दारात योजनेचा फलक असतो, पण तिथे मान्यता हाडांच्या शस्त्रक्रियेची किंवा डायलिसिसची असते. हृदयरोगाची नसली तर तुमच्या कार्डाचा तिथे उपयोग नाही. उलटही घडते. संध्याकाळी स्वतःच्या क्लिनिकमध्ये फी घेऊन तपासणारे हृदयरोगतज्ज्ञ सकाळी एखाद्या अंगीकृत रुग्णालयात योजनेतून मोफत अँजिओप्लास्टी करत असतात. म्हणून डॉक्टरचे नाव शोधण्याआधी रुग्णालय शोधा.

त्यासाठी 155388 किंवा 1800 233 2200 या मोफत क्रमांकांवर फोन करा. जिल्हा आणि विभाग सांगितला की अंगीकृत रुग्णालयांची नावे मिळतात. मग त्या रुग्णालयात फोन करून आरोग्यमित्राला बोलवा. प्रत्येक अंगीकृत रुग्णालयात योजनेचा हा माणूस बसलेला असतो. हृदयरोग विभागाची मान्यता आज चालू आहे का, हे त्याला विचारा. यादी बदलत राहते, शेजाऱ्याचा दोन वर्षांपूर्वीचा अनुभव कामाचा नाही. तिथे कॅथलॅब आहे का आणि हृदयरोगतज्ज्ञ रोज असतात की ठरावीक वारी येतात, हेही विचारा. आणखी एक प्रश्न बहुतेक जण विसरतात: अँजिओग्राफी झाली आणि पुढे काही करावे लागले नाही, तर तिचा खर्च कोणाचा? याचे उत्तर टेबलावर जाण्याआधी मिळायला हवे, कारण बिलाचा वाद बहुतेक वेळा इथेच होतो.

तज्ज्ञ म्हणजे कोण, हेही पाहून घ्या. एम.डी. मेडिसिन झालेले फिजिशियन रक्तदाब, मधुमेह आणि हृदयविकाराची सुरुवातीची तपासणी उत्तम करतात, आणि पुष्कळ रुग्णांना त्यांच्या पुढे जायची गरजच नसते. अँजिओग्राफी, स्टेंट, पेसमेकर ही कामे डी.एम. किंवा डीआरएनबी कार्डिओलॉजी केलेल्या डॉक्टरांची. बायपास आणि झडप बदलण्याची शस्त्रक्रिया हृदयशल्यचिकित्सक करतात. त्यांचा विभाग वेगळा आणि त्याची मान्यताही वेगळी असते.

आपल्या जिल्ह्यातून बहुतेकांची वाट छत्रपती संभाजीनगरची. जालन्यापासून ते साधारण 60 किलोमीटर. तिथले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, म्हणजे आपली घाटी, सर्वांना माहीत आहे. खासगी रुग्णालयाचा विचार करण्याआधी तिथे चौकशी जरूर करा. मात्र योजनेला जिल्ह्याची हद्द नाही. जाफराबादच्या रुग्णाला बुलढाणा जिल्ह्यात किंवा घनसावंगीच्या रुग्णाला बीडमध्ये अंगीकृत रुग्णालय सोयीचे पडत असेल तर तिथे जाता येते. पुण्या-मुंबईतही चालते.

आता कागदपत्रे. योजनेचा विस्तार 1 जुलै 2024 पासून लागू झाला आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. पिवळे आणि केशरी शिधापत्रिकाधारक आधीपासून होतेच, आता पांढरी शिधापत्रिकाही चालते. आपल्या जिल्ह्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारा दाखवून ही योजना त्याआधीही मिळत होती, कारण जालना हा शेतकरी आत्महत्याग्रस्त 14 जिल्ह्यांपैकी एक. तरीही माणसे अडतात ती नावापाशी. सुनेचे नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेले असते, वडिलांचे आधारवर एक आणि रेशनवर दुसरे असते. छातीत दुखायला लागल्यावर तहसीलला चकरा मारणे कोणाच्याही नशिबी येऊ नये. आज घरी सगळे ठीक आहे ना? मग याच आठवड्यात दोन्ही कागद शेजारी ठेवून नावे जुळवा, आणि आयुष्मान कार्ड आशाताईंच्या मदतीने किंवा सेवा केंद्रातून काढून घ्या. एमआयडीसीतल्या स्टील कारखान्यांत कामाला असणाऱ्यांनी पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जाते का ते पाहावे. जात असेल तर उपचाराचा तोही एक स्वतंत्र मार्ग आहे.

पण हे सगळे सवडीच्या आजाराचे झाले. छातीवर दडपण, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, अचानक धाप अशी लक्षणे दिसली तर योजना, कार्ड, तज्ज्ञ सगळे विसरा. ‘पित्त झालंय’ म्हणून सोडा पिऊन पहाटेपर्यंत वाट पाहू नका. मधुमेही माणसांना आणि बायकांना दुखणे कमी आणि थकवा, मळमळच जास्त, असेही होते. 108 ला फोन करा आणि ईसीजी निघेल अशा सर्वांत जवळच्या ठिकाणी जा, मग ते ग्रामीण रुग्णालय असो की जालन्याचे जिल्हा रुग्णालय. मोठा झटका असेल आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी देऊन मग रुग्णाला पुढे पाठवणे हाच शास्त्रीय मार्ग आहे. ते इंजेक्शन पहिल्या काही तासांत जितके लवकर मिळेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. थेट संभाजीनगर गाठू म्हणून गाडी पळवताना तोच वेळ रस्त्यात जातो. शेजारच्या काकांची सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवणेही टाळा, रक्तदाब आधीच उतरलेला असेल तर ती घातक ठरू शकते. तातडीच्या रुग्णासाठी योजनेत फोनवरून मंजुरीची सोय आहे, कागद मागाहून देता येतात. किती वेळात द्यायचे ते आरोग्यमित्राकडून समजून घ्या.

लहान मुलांची वाट वेगळी. बाळ दूध पिताना दमते, वजन वाढत नाही, ओठ निळे पडतात असे दिसले तर अंगणवाडी आणि शाळा तपासणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवा. हृदयाला छिद्र असलेल्या मुलांची शस्त्रक्रिया त्या कार्यक्रमातून मोफत होते.

भरती झाल्यावर कोणी ‘स्टेंट चांगला हवा तर वरचे पैसे भरा’ म्हणाले तर पैसे देण्याआधी आरोग्यमित्राला बोलवा आणि 155388 वर तक्रार नोंदवा. पॅकेजमध्ये खाट, तपासण्या, औषधे, इम्प्लांट, रुग्णाचे जेवण हे सगळे धरलेले असते. घरी परतण्याचे एसटीचे भाडेसुद्धा. ते मागायला संकोच करू नका.

सुटी झाल्यावर योजनेची औषधे 10 दिवसांपर्यंतची असतात. स्टेंट बसलेल्यांना रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. अकराव्या दिवशी पैसे नाहीत म्हणून त्या थांबल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन माणूस दगावू शकतो. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि औषधे मोफत आहेत. तेव्हा डिस्चार्ज कार्ड घेऊन औषधे संपण्याच्या तीन-चार दिवस आधीच जिल्हा रुग्णालयात जा. एखादी गोळी तिथे नसली तर जनऔषधी दुकानात त्याच घटकाची स्वस्त गोळी मिळते का ते विचारा. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय या गोळ्या एक दिवसही बंद करू नका.