घरगुती व्हिडिओ चित्रणासाठी परवडणारी लेन्स

छायाचित्रणाच्या डी.एस.एल.आर. कॅमेऱ्यास चलचित्रणाची जोड २००८ साली मिळाली. त्या वर्षी निकॉनचा डी-९० आणि त्यापाठोपाठ कॅननचा फाइव्ह-डी मार्क टू हे कॅमेरे बाजारात आले. पुढील दहा-बारा वर्षांत असे कॅमेरे अनेक घरांत, शाळांत आणि सांस्कृतिक मंडळांत पोहोचले. आता निर्मात्यांचा सारा भर मिररलेस कॅमेऱ्यांवर असल्यामुळे जुने डी.एस.एल.आर. व त्यांच्या लेन्स वापरलेल्या स्थितीत बऱ्याच कमी किमतीत मिळू लागल्या आहेत. हौशी चित्रणकारास ही चांगली संधी होय. तथापि याच टप्प्यावर पुष्कळांचा पैसा चुकीच्या लेन्सवर खर्च होतो.

जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या एखाद्या वृद्धेचे तिच्याच माजघरात चित्रण करावयाचे आहे, असे समजावे. ती पुन्हा तशाच ओघात गाईल याची शाश्वती नसते. असे चित्रण वाया जाते ते लेन्स पुरेशी रेखीव नसल्यामुळे क्वचितच. चित्र हलते, फोकस सुटतो, खोलीत कॅमेरा मागे नेण्यास जागा उरत नाही, अथवा फोकस साधणाऱ्या मोटारीची खरखर ओवीच्या सुरात मिसळते. लेन्स निवडताना म्हणून प्रथम या अडचणींचा विचार करावा. मासिकांतून व जाहिरातींतून ज्या रेखीवपणाची चर्चा होते, तो व्हिडिओच्या बाबतीत जवळजवळ प्रत्येक लेन्सपाशी पुरेसा असतो.

स्वस्त लेन्स म्हटली की दुकानदार ५० मिलिमीटर, एफ १.८ ही लेन्स पुढे करतो. लेन्स उत्तम आहे, किंमतही बेताची आहे. परंतु साध्या डी.एस.एल.आर.मधील संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान असतो. कॅननच्या बाबतीत त्याची रुंदी सुमारे २२.३ मिलिमीटर भरते. ही रुंदी लेन्सच्या नाभीय अंतराने भागून वस्तूच्या अंतराने गुणिली की चौकटीत किती रुंदीचे दृश्य मावेल ते कळते. तीन मीटर अंतरावरून ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये जेमतेम १.३४ मीटर रुंदीचे दृश्य येते. जाते, त्याचा खुंटा धरलेले दोन हात आणि समोर बसलेली दुसरी स्त्री यांतील काहीतरी चौकटीबाहेर राहणारच. तेवढ्याच अंतरावरून २४ मिलिमीटरची लेन्स २.८ मीटर, तर १८ मिलिमीटरची लेन्स ३.७ मीटर रुंदी सामावून घेते. काही कॅमेरे व्हिडिओच्या वेळी संवेदकाचा केवळ मधला भागच वापरतात. तेथे ही रुंदी आणखी घटते. लेन्स घेण्यापूर्वी खोली पावलांनी मोजून हा हिशेब कागदावर मांडणे हाच बचतीचा खरा मार्ग.

एफ १.८ या आकड्याचे आकर्षणही तपासून घ्यावे. एफ ५.६ च्या तुलनेत एफ १.८ वर नऊपटींहून अधिक प्रकाश आत येतो, ही गोष्ट खरी. समईच्या अथवा एकाच दिव्याच्या उजेडात त्याचा मोठा आधार वाटतो. पण दोन मीटर अंतरावर त्या छिद्रास स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली अवघी अकरा सेंटिमीटरच्या आसपास राहते. दळणारी स्त्री तर सतत पुढेमागे झुकत असते. प्रत्येक झोक्यागणिक तिचा चेहरा धूसर होईल. पार्श्वभूमी पुसून टाकण्याचा हा सोस स्थिर छायाचित्रात शोभतो, हलत्या चित्रात तो बहुधा अंगावर येतो. याउलट २४ मिलिमीटरची एफ २.८ ची लेन्स त्याच अंतरावर सुमारे पाऊण मीटर खोली स्पष्ट ठेवते.

याच कारणास्तव बहुतेकांनी आपल्या कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ मिलिमीटरची लेन्स कपाटातून बाहेर काढावी. मात्र तिच्यावर कॅननच्या बाबतीत ‘आय.एस.’ आणि निकॉनच्या बाबतीत ‘व्ही.आर.’ ही अक्षरे आहेत काय, ते पाहावे. ही अक्षरे कंपनिवारणाची खूण होत. हातात धरून केलेल्या चित्रणात कंपनिवारण जेवढे उपयोगी पडते, तेवढे दुसरे काहीही पडत नाही; आणि ५० मिलिमीटरच्या स्वस्त लेन्समध्ये नेमकी हीच सोय नसते. लेन्स जुन्या बिनकंपनिवारणाच्या जातीची असेल, तर नवीन लेन्सआधी साधी भक्कम तिवई घ्यावी.

फोकसच्या मोटारीविषयी दुकानात अर्धवट माहिती दिली जाते. कॅननने २०१२ पासून ‘एस.टी.एम.’ या नावाने स्टेपर मोटारीच्या लेन्स काढल्या. त्यांतील १८-५५ व ५५-२५० या जाती पुष्कळच शांत आहेत. ५० मिलिमीटरच्या एस.टी.एम. लेन्सचा आवाज मात्र निवांत खोलीत कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनवर उमटतो. शिवाय कॅमेराच जुना असेल तर या मोटारीचा लाभ नाही. २०१० चा कॅनन ५५०-डी व्हिडिओ चालू असताना फोकस आपोआप सांभाळीतच नाही. ती सोय कॅननच्या या श्रेणीत २०१२ च्या ६५०-डी पासून आली, आणि ती खऱ्या अर्थाने भरवशाची झाली २०१३ च्या ७०-डी पासून. निकॉनच्या डी-३००० व डी-५००० या मालिकांतील कॅमेऱ्यांत तर फोकसची मोटारच नसते, त्यांना ‘ए.एफ.-एस.’ जातीचीच लेन्स लागते. ३५ मिलिमीटर, एफ १.८ ची डी.एक्स. लेन्स त्यांस चांगली शोभते. निकॉनची नवी ‘ए.एफ.-पी.’ लेन्स घेताना मात्र सावध असावे, कारण डी-३२००, डी-५१०० व त्यांच्या आधीचे कॅमेरे ती स्वीकारीत नाहीत.

जुन्या कॅमेऱ्याच्या मालकाने म्हणूनच हाताने फोकस करण्याची सवय लावावी. ती जमली की जुन्या आट्यांच्या एम-४२ लेन्सही कामी येतात. सोव्हिएत बनावटीची हेलिओस ५८ मिलिमीटर ही त्यांतील प्रसिद्ध. कॅननवर त्या साध्या कड्याच्या मदतीने बसतात. निकॉनवर तेच कडे लावले तर दूरच्या वस्तूंवर फोकस होत नाही.

दूरच्या कामासाठी हिशेब वेगळा. देवळाच्या मंडपात मागे उभे राहून पंधरा मीटरवरील दशावतारी पात्र टिपावयाचे असेल, तर २५० मिलिमीटरवर पात्राचा कमरेपर्यंतचा भाग चौकट भरून येतो. ५५-२५० ची लेन्स या कामास पुरेशी आहे. मात्र तिवई अपरिहार्य होय; आणि एफ ५.६ वर रंगमंचाचा उजेड कमी पडल्यास चित्रात थोडे दाणे येतील, ते सोसावे.

लेन्सच्या खर्चात एका गोष्टीची तरतूद धरावी. आपल्याकडील विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने सेकंदास २५ चौकटी आणि १/५० सेकंद शटर ठेवले असता दिव्यांची लुकलुक चित्रात येत नाही व हालचालही सहज दिसते. परंतु दुपारच्या उन्हात, शिगम्याच्या मिरवणुकीत, याच शटरवर एफ ५.६ ठेवले तर चित्र पांढरेफटक पडते. त्यासाठी प्रकाश सोळापटीने कमी करणारी करडी काच, म्हणजे एन.डी. फिल्टर, लागते. ती आपल्या सर्वांत मोठ्या तोंडाच्या लेन्सच्या मापाची घ्यावी. लहान तोंडांस स्वस्त कडी मिळतात. कॅननच्या एस.टी.एम. लेन्सपैकी १८-५५ चे माप ५८ मिलिमीटर, २४ चे ५२ आणि ५० चे ४९ आहे.

वापरलेली लेन्स घेताना मागून विजेरीचा झोत टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी समजावी व लेन्स परत करावी. काचेवरील एखादा ओरखडा चित्रात दिसत नाही, बुरशी मात्र पसरत जाते. कोकण व गोव्याच्या दमट हवेत लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नये. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी, आणि पावसाळ्यात त्या पुड्या अधूनमधून तापवून कोरड्या करून घ्याव्यात.