सहावी दाढ

दुधाचे दात २० असतात हे आपण शिकलो. माझी मागची दाढ किडली तेव्हा आजी म्हणाली, "दुधाचीच हाये बापा, पडून जाईन." लवंग धरून दोन महिने काढले. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची (सुरुवात २०१३) तपासणी झाली, त्यात दातही बघतात. पण मी भीतीनं तोंड नीट उघडलंच नाही! मग एका रात्री गाल सुजला. बाबांनी मलकापूरला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी मधल्या दातापासून मोजलं. पाच झाले, सहावी ती दाढ. पुढच्या पाचांच्या जागी आधी दुधाचे दात असतात. सहावीच्या जागी कधीच नसतो. ती सहाव्या वर्षी गुपचूप मागे उगवते आणि तीच कायमची. माझी मुळापर्यंत सडली होती, काढावीच लागली. सुई टोचली तेवढंच दुखलं. अर्धा तास कापूस दाबून धरला. कवेलूवर फेकायला दाढ मागितली, तर बाई म्हणाल्या, "हिच्या जागी दुसरी येणार नाही."

दुधाची दाढही उगाच काढू नये. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरतात, तशी ती दहा-बारा वर्षांपर्यंत नव्या दाताची जागा धरते. लवकर काढली तर शेजारचे दात तिकडे कलतात.

माझी बहीण सात वर्षांची आहे. काल बॅटरी लावून तिचे दात मोजले. सहाव्या दाढेवर काळा ठिपका दिसला. कीड थोडी असली तर दाढ काढत नाहीत, भरतात. सोमवारी बाबा तिला नेणार आहेत.