आहारशास्त्राचा फॉर्म भरण्याआधी

पोरी, बारावीचा निकाल लागला की आपल्या राळेगावात एकच वारा सुटतो. नर्सिंग, डी.फार्म., नाहीतर बी.ए. करता करता भरतीचा अभ्यास. त्यात तू म्हणतेस, मावशी, मला न्यूट्रिशन करायचंय. कर, माय. माझी सारी नोकरी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून गेली, म्हणून चार गोष्टी सांगते. नेट कॅफेवाला त्या सांगणार नाही, त्याला फॉर्ममागे पैसे मिळतात.

आधी पदवीचं नाव नीट वाच. बी.ए.ला गृहअर्थशास्त्र, बी.एस्सी. होम सायन्स, फूड सायन्स अँड न्यूट्रिशन, क्लिनिकल न्यूट्रिशन अँड डायटेटिक्स, कम्युनिटी सायन्स. कोणी म्हणेल सारं एकच. एक नाही. सगळ्या वर्षांचा अभ्यासक्रम मागून घे आणि बोट ठेवून बघ: जीवरसायनशास्त्र आहे का, शरीरक्रियाशास्त्र आहे का, आजारानुसार आहार शिकवतात का, दवाखान्यात इंटर्नशिपला पाठवतात का. उद्या दवाखान्यात आहारतज्ज्ञ व्हायचं, तर हेच विचारतील. इंडियन डायटेटिक असोसिएशनची नोंदणी हवी असेल तर पदवीनंतर पुढचं शिक्षण, दवाखान्यातली इंटर्नशिप आणि वर परीक्षा. २०२१ च्या कायद्यानं आहारतज्ज्ञ आता आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत आले आहेत, म्हणजे पुढे कागद अजून काटेकोर तपासले जाणार. आणि घरबसल्या पदवीच्या जाहिरातीला भुलू नको. आहार-पोषणाचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम यूजीसीनं २०२५ च्या सत्रापासून बंद करायला लावले आहेत.

जायचं कुठे? आपला जिल्हा अमरावती विद्यापीठाखाली येतो, तिथली होम सायन्सची कॉलेजं आधी बघ. नागपूरचं एल.ए.डी. १९३२ सालचं, नाव मोठं. मुंबईत जुहूला एसएनडीटीचं सर विठ्ठलदास ठाकरसी कॉलेज आहे, पण तिथला राहण्याचा खर्च आधी मांड. परभणीच्या कृषी विद्यापीठातलं कम्युनिटी सायन्स मला तरी आपल्या पोरींसाठी बरं वाटतं. शेती आणि ताट दोन्ही एकाच आवारात. मात्र त्याचा रस्ता सीईटीतून जातो आणि सीईटीचा फॉर्म बारावीची परीक्षा व्हायच्या आधीच निघतो. निकालानंतर जाग येणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही.

आता कागद. पोरी मार्कांपायी कमी आणि कागदापायी जास्त अडकतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. जातीचा दाखला वेगळा आणि पडताळणी वेगळी. पडताळणीला जुना पुरावा लागतो: अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा, भटक्या-विमुक्तांना १९६१ च्या आधीचा, ओबीसींना १९६७ च्या आधीचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल काढ. ती हातात आली की तिथंच उभी राहून वाच. आजोबाचं नाव तुझ्या वडिलांच्या दाखल्यावर आहे तसंच आहे का? आडनावात, काना-मात्रेत फरक असला तर आत्ताच निस्तर. अकरावीतच अर्ज टाकलेला बरा. उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर सरतो, तो दरवर्षी नवा.

पैशाचंही ऐक. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी सरकार भरतं, पण ती केंद्रीभूत प्रवेशाच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना. तुझा कोर्स त्यात बसतो का, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारूनच फी ठरव. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर. वसतिगृहात नंबर नाही लागला तर आदिवासी पोरींना स्वयंम् योजना आहे, पांढरकवड्याच्या प्रकल्प कार्यालयात विचारायचं. अनुसूचित जातींसाठी स्वाधार.

फॉर्म भरण्याआधी एक काम माझ्यासाठी कर. एखाद्या कोलाम पोडावरच्या अंगणवाडीत जाऊन बस. ताईला म्हण, दंडाची पट्टी दाखवा. लेकराचा डावा हात सैल सोडायचा, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध पट्टी गुंडाळायची, आवळायची नाही आणि ढिली ठेवायची नाही. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आलं की लाल. लाल पट्टी पाहून आईचं तोंड कसं होतं तेही बघ. ती म्हणते, खातो तर सारं. मग काय खातो, किती वेळा, वरणात डाळ किती अन् पाणी किती, हे तिला न दुखवता विचारता आलं पाहिजे. ते जमेल असं वाटलं तरच या शाखेला ये. नुसतं वजन कमी करायचे तक्ते लिहायचे असतील तर तुझी मर्जी.

मुलाखतीत विचारतील, हाच विषय काहून? तेव्हा टीव्हीवरचं बोलू नको, आपल्या ताटाचं बोल. भाकर, जवसाची चटणी, अंबाडी, तरोट्याची भाजी. ज्वारीचंच घे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास मांडलं की ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा होतो, त्यामागे ज्वारीतलं जादा ल्यूसिन असावं. त्यावर पुढं वादही झाले. म्हणजे भाकर वाईट असं नाही, भाकरीसोबत काय आहे ते महत्त्वाचं. एवढं नीट सांगितलंस तर समोरची बाई पेन खाली ठेवून ऐकेल. त्याच संस्थेनं २०१७ साली ५२८ भारतीय पदार्थांचे पोषणतक्ते छापलेत. मिळाले तर चाळून जा.

पहिल्या यादीत नाव नाही आलं तर रडत घरी येऊ नको, दुसऱ्या फेरीला थांब. कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांची बहीण, १९३३ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेली तेव्हा सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नाही म्हटलं. ती हटली नाही, अटी मान्य करून शिकली, पुढे केंब्रिजची डॉक्टर झाली आणि नीरेवर, डाळींवर काम केलं.

प्रवेश पक्का झाला की मूळ गुणपत्रिका कॉलेजात ठेवून येऊ नको, यूजीसीच्या नियमानं ती पाहून परत द्यायची असते. टी.सी. मात्र मूळच द्यावी लागते. तिच्या चार झेरॉक्स आधीच काढ, आणि वसतिगृहाचा फॉर्म त्याच दिवशी, त्याच खिडकीवर माग.