उपास, गोळी आणि एक संध्याकाळ



आषाढी एकादशी जवळ आली आहे. आपल्यापैकी बरेच जण उपास धरतील आणि त्यांतल्या अनेकांना मधुमेह आहे. म्हणून गेल्या आषाढीला घडलेली एक गोष्ट, मित्राच्या आणि वहिनींच्या परवानगीने सांगतो.

त्या संध्याकाळी आम्ही दोन जोडपी अभंगांच्या कार्यक्रमाला गेलो होतो. माझा मित्र सत्तरीचा, बरीच वर्षं मधुमेह असलेला, पण एकादशी कधी न चुकवणारा. मध्यंतरात मी त्याला काहीतरी विचारलं, तर त्याने भलतंच उत्तर दिलं आणि वहिनींवर उगाचच खेकसला. "उपासाचा पारा चढलाय," वहिनी म्हणाल्या. मीही हसलो. आयुष्यभर डॉक्टरकी केलेल्या माणसाला तेव्हाच शंका यायला हवी होती. ती आली नाही.

कार्यक्रम संपला. कार पार्कमध्ये पाहतो तर तो दुसऱ्याच कुणाच्या गाडीला किल्ली लावत होता. बाहेर गार वारा, पण याचा सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते.

"वहिनी, आज याने गोळी घेतली का?"

"हो भाऊजी, सकाळी पूजेनंतर. निघतानाही घेतली, रोजच्यासारखी."

"आणि खाल्लं काय?"

"चार बदाम आणि बिनसाखरेचा चहा."

वहिनींच्या पर्समध्ये साखर तपासायचं यंत्र होतं. आकडा आला २.६. कुणीतरी प्रसादाचा पेढा पुढे केला, पण मी फळांचा रस मागवला. पेढ्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो आणि आमच्याकडे वेळ नव्हता. मित्र तोंड फिरवून म्हणाला, "आज एकादशी आहे." मी म्हटलं, "अरे, फळांचाच रस आहे, उपासाला चालतो. घे मुकाट्याने."

पंधरा मिनिटांनी ३.४. पुन्हा तेवढाच रस दिला. मग ४.८. तो अगदी पूर्ववत बोलू लागला आणि म्हणाला, "झालं ना? चला, मी गाडी काढतो." मी किल्ली काढून घेतली आणि त्याला थेट हॉस्पिटलात नेलं. तो वाटभर माझ्यावर चिडलेला होता. रात्री दोनच्या सुमाराला त्याची साखर पुन्हा खाली गेली. घरी झोपलेला असता तर कुणाला कळलं असतं?

असं का होतं? ग्लिक्लाझाइडसारख्या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. पोटात अन्न नसेल तर साखर घसरते. वयानुसार मूत्रपिंडं मंदावली असतील तर औषधाचा अंमल आणखी लांबू शकतो. म्हणून अशा गोळ्यांमुळे साखर उतरली, तर बरं वाटल्यावरही काही तास देखरेख लागते.

एवढं लक्षात ठेवा:

१. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं की आधी साखर तपासा. ४ च्या खाली (भारतातल्या मापाने सुमारे ७२) म्हणजे कमी. यंत्र नसेल तर कमीच आहे असं समजून गोड द्या.

२. १५० ते २०० मिलीलिटर फळांचा रस किंवा ग्लुकोजच्या चार-पाच गोळ्या द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. साखर ४ च्या वर आली की काही खायला द्या. उपासाची खिचडीही चालेल.

३. माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि ९९९ ला फोन करा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, तरीही लगेच ९९९.

४. साखर पूर्ववत झाल्यावर ४५ मिनिटं होईपर्यंत गाडी चालवायची नाही.

५. उपासाच्या आठवडाभर आधी जीपी, फार्मसिस्ट किंवा डायबेटिस नर्सशी बोला. त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, हे त्यांनाच ठरवू द्या. इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असाल तर न विचारता उपास मुळीच नको, निर्जळी तर नाहीच.

माझा मित्र यंदाही एकादशी करणार आहे. त्याच्या नर्सने गोळ्यांचं वेळापत्रक बदलून दिलं आहे, आणि दुपारी फळं व वरीचे तांदूळ खायचं त्याने कबूल केलं आहे. "विठोबाला माझी भक्ती हवी, माझी चक्कर नको," असं आता तोच इतरांना सांगतो.

शेवटी एक विनंती. आषाढीच्या दिवशी प्रसादाच्या टेबलाशी फळांच्या रसाचे छोटे डबे आणि ग्लुकोजच्या गोळ्या ठेवण्याचा विचार आहे. ज्यांना जमेल त्यांनी एखादा खोका आणून द्यावा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी वयस्कर माणूस एकटं राहून उपास करत असेल, तर त्या दिवशी दुपारी आणि संध्याकाळी एकेक फोन जरूर करा. "काय खाल्लंत?" एवढंच विचारा. मी ते मध्यंतरात विचारायला हवं होतं.