केरसुणी आणि अंतरपाट

अगं, काल तुझा फोन ठेवला आणि मग झोपच लागली नाही. तू रडली असतीस तर समजूत तरी काढली असती. "ताई, आई काही बोलतच नाही गं, ओरडली असती तर बरं झालं असतं," एवढं म्हणालीस आणि लगेच हॉलच्या भाड्याकडे वळलीस. फोनवर मला जे सुचलं नाही, ते आता निवांत लिहिते. चहा घेऊन बस.

आधी एक कबुली देते. 2001 साली मी घरी सांगितलं की मुलगा अमेरिकन आहे, तेव्हा तुझ्या मामांनी आठ दिवस अबोला धरला होता. नवव्या दिवशी त्यांनी फोटो मागितला. फोटो आजीच्या हातात गेला, तिनं चष्मा पुसला आणि म्हणाली, "रंग मात्र अगदी केतकीचा आहे हो." महिन्याभरात सांगलीला कार्यालय ठरलं. फेटा बांधलेला गोरा नवरदेव बघायला गल्ली लोटली. तुझ्या आईनं, म्हणजे आत्यानंच, त्याला पहिलं औक्षण केलं. बाबा बँकेत सांगत फिरले, आमचे अमेरिकेचे जावई आले आहेत म्हणून.

ही गोष्ट मी इथे वीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. आमचं घर किती मोठ्या मनाचं, असं म्हणत सांगत आले. परवा दिवाळीत तू तुझ्या त्याचा फोटो दाखवलास आणि व्हिडिओ कॉलवर तेच घर गप्प झालेलं मी पाहिलं. मुलगा शिकलेला, नोकरी चांगली, आईवडिलांना धरून राहणारा, तुला जपणारा. फरक फक्त एवढाच की तो कृष्णवर्णीय आहे. तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्या लग्नात आपल्या घराच्या मनाची परीक्षा झालीच नव्हती. ती आता होते आहे, आणि पेपर तुझ्या हातात आला आहे. हे मला आधीच दिसायला हवं होतं. दिसलं नाही, कारण मला ते सोयीचं होतं.

गोऱ्या माणसासाठी आपल्याकडे वाट नेहमीच निघत आली आहे. आजी सांगायची ना, 1928 साली इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी नॅन्सी मिलर नावाच्या अमेरिकन मुलीशी लग्न केलं. आधी गदारोळ झाला, मग नाशकात तिचं शुद्धीकरण झालं, ती शर्मिष्ठादेवी झाली आणि नऊवारीत वावरू लागली. माझ्या नवऱ्याचं तर शुद्धीकरणही कुणी मागितलं नाही. जात विचारायची सोय नव्हती, म्हणून सगळ्यांनी ती सर्वांत वरची धरून चालली. तुझ्या नवऱ्याची जातही कुणी विचारणार नाही, पण ती सगळ्यांत खालची धरून चालतील. नीट बघ, अमेरिकेचा वर्णभेद आपण इथे येऊन शिकलो नाही. घरून निघताना बॅगेत भरूनच आणला होता.

पण आत्यावर रागावू नकोस. तुला माहीत नसेल कदाचित, तिला सात ठिकाणांहून नकार आले होते. मी तेव्हा लहान होते, पण आतल्या खोलीतलं बोलणं कानावर यायचं. "मुलगी नाकीडोळी नीटस आहे, पण सावळी आहे." दर वेळी पोहे व्हायचे, दर वेळी ती तीच मोतिया साडी नेसायची, कारण गडद रंगात ती आणखी काळी दिसते असं कुणीतरी सांगितलं होतं. तुझ्या वेळी पोटुशी असताना तिनं नऊ महिने केशर घातलेलं दूध प्यायलं. तू गोरी झालीस म्हणून सव्वा किलो पेढे वाटले. आता ती गप्प आहे ती तुझ्या नवऱ्यामुळे कमी आणि त्या सात नकारांमुळे जास्त. तिच्या नातीलाही कुणीतरी असंच पोह्यांची बशी हातात देऊन उभं करील, ही भीती तिच्या पोटात आहे.

म्हणून तिच्याशी वाद घालू नकोस. आकडे आणि लेख पाठवू नकोस. एखाद्या दुपारी, तिकडे तिची झाकपाक होऊन ती पडली असेल अशा वेळी फोन कर, आणि त्या मोतिया साडीबद्दल विचार. नुसतं विचार आणि ऐक. मला वाटतं, तिची गाठ तिथे सुटेल.

आता तुझ्या राज्याबद्दल. तू व्हर्जिनियात लग्न करते आहेस, म्हणून हे तुला माहीत असलंच पाहिजे. तुझ्याकडून रिचमंडला जाताना वाटेत कॅरोलाइन काउंटी लागते. तिथल्या सेंट्रल पॉइंट नावाच्या खेड्यात रिचर्ड लव्हिंग नावाचा गोरा गवंडी आणि मिल्ड्रेड जेटर राहायचे. तिच्यात कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी, दोन्ही रक्त होतं. व्हर्जिनियात 1924 च्या कायद्यानं असं लग्न गुन्हा होता, म्हणून जून 1958 मध्ये दोघांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. पाच-सहा आठवड्यांनी मध्यरात्री शेरीफ थेट झोपायच्या खोलीत शिरला. भिंतीवर लग्नाचा दाखला लावलेला होता. तो दाखवला, तर हा इथे चालत नाही, असं उत्तर मिळालं. एक वर्षाची कैद झाली, आणि ती टाळायची असेल तर पंचवीस वर्षं दोघांनी मिळून व्हर्जिनियात पाऊल ठेवायचं नाही, अशी अट होती.

मिल्ड्रेड काही चळवळीतली बाई नव्हती. वॉशिंग्टनला राहावं लागलं, पण शहरात तिचा जीव रमेना, पोरांना अंगण मिळेना, म्हणून 1963 साली तिनं अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडींना पत्र लिहिलं. तिथून वकील मिळाले, आणि 12 जून 1967 रोजी सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं निकाल दिला. सोळा राज्यांतले असे कायदे एका दिवसात गेले. न्यायालयात मांडायला रिचर्डनं वकिलाकडे एवढाच निरोप दिला होता की माझं बायकोवर प्रेम आहे आणि तिच्याबरोबर मला व्हर्जिनियात राहता येत नाही, हे न्यायाचं नाही. या माणसांचं आडनाव लव्हिंग असावं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

कायदा एका दिवसात गेला, पण कागद गेले नाहीत. अलाबामाच्या राज्यघटनेतली ती बंदीची ओळ मतदान घेऊन 2000 साली काढली, आणि तेव्हाही दहातल्या चार जणांनी ती राहू द्या असं मत दिलं. तुझ्या व्हर्जिनियात लग्नाच्या अर्जावर आपला वंश लिहिण्याची सक्ती 2019 पर्यंत होती. तीन जोडपी न्यायालयात गेली तेव्हा ती सुटली. तू अर्ज भरशील तेव्हा तो रकाना तुला अडवणार नाही. त्या सहा माणसांची आठवण ठेव.

तुला आकडे आवडतात म्हणून हेही सांगते. गॅलपनं 1958 साली अमेरिकेत विचारलं, कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांमधलं लग्न मान्य आहे का? 4 टक्के लोक हो म्हणाले. 2021 मध्ये 94 टक्के. नवविवाहितांत वेगळ्या वंशातलं लग्न 1967 मध्ये 3 टक्के होतं, 2015 मध्ये 17 टक्के, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांत 29 टक्के. एका आयुष्यात एवढं बदललेलं दुसरं काही मला आठवत नाही. याचा आनंद मान, खरंच मान. पण हे 94 टक्के लोक साधारणपणे मान्यता देतात गं, लोकांच्या मुलींच्या लग्नाला. स्वतःच्या दिवाणखान्यात जावई बसलेला असतो तेव्हा विचारायला गॅलप येत नाही. तिथलं काम तुलाच करायचं आहे.

ते काम पहिल्या शब्दापासून सुरू कर. इथल्या आपल्या लोकांत एक शब्द आहे, "कल्लू". मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत, पत्त्यांच्या डावात सर्रास येतो, आणि म्हणणाऱ्याला वाटतं की यात काय एवढं. मीही कित्येक वर्षं तो ऐकून पान वाढून घेत पुढे सरकले. तू सरकू नकोस. पहिल्यांदा कानावर येईल तेव्हाच, तिथेच, मराठीत आणि सगळ्यांदेखत म्हण, "काका, माझ्या नवऱ्याबद्दल बोलताय तुम्ही." आवाज चढवायची गरज नाही. पहिल्या वेळी गिळलंस की दुसऱ्या वेळी बोलणं दुप्पट जड जातं. कुणी हबशी म्हणून हिणवलंच, तर मलिक अंबरचं नाव घे. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी निजामशाहीचा कर्ता झाला, आजचं संभाजीनगर म्हणजे खडकी त्यानं वसवली, 1624 साली भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले, आणि त्यानं आपली लेक निजामशहाला दिली. आफ्रिका महाराष्ट्राच्या घरात चारशे वर्षांपूर्वीच आली आहे.

आणि भीती आपल्याच घरात आहे असं समजू नकोस. त्याची आईही रात्री जागत असणार. ही मुलगी आपल्या पोराला तिच्या माणसांपुढे ताठ मानेनं नेईल की लपवील, हे ती बघते आहे. तिच्याकडे एकटी जा, ओट्यापाशी उभी राहा, तिचं ऐक. गाडीतून जाताना पोलिसांनी थांबवलं तर हात कुठे ठेवायचे, आवाज कसा ठेवायचा, हे या घरातल्या मुलांना मिसरूड फुटायच्या आधी शिकवावं लागतं. तुझ्या भावोजींना ते कधी शिकावं लागलं नाही, त्यामुळे मला यातलं काही सांगता येत नाही. ते तिच्याकडूनच शीक. उद्या तुलाही ते तुझ्या मुलांना सांगायचं आहे.

मुलांचं आत्ताच कशाला म्हणशील, पण सांगूनच टाकते. माझी मोठी दोन वर्षांची असताना दुकानात एका बाईनं मला विचारलं होतं, किती वर्षं सांभाळतेस हिला? मूल माझ्यापेक्षा उजळ, म्हणून मी आया. मी घरी येऊन रडले. तुझ्या वाट्याला प्रश्न वेगळे येतील, पण येतील. शाळेच्या फॉर्मवर एकाहून जास्त चौकोनांत खूण करायला संकोच करू नकोस. जनगणनेत 2000 सालापासून तशी मुभा आहे, आणि 2020 मध्ये तीन कोटी अडतीस लाख माणसांनी तशी खूण केली. मोजण्याची पद्धत बदलली म्हणूनही आकडा फुगला, पण तुझं मूल वर्गात एकटं नसेल हे नक्की.

केसांचं मात्र सासूवर सोपव. कुरळ्या दाट केसांना आपली बारीक दातांची फणी आणि कोरड्या केसांवर ओढाओढ चालत नाही. ओले करून, कंडिशनर लावून, टोकाकडून वर हळूहळू सोडवावे लागतात. आत्या म्हणेल, जावळ काढा म्हणजे केस सरळ येतील. नाही येणार, आणि यायला नकोतही. पोरीला तिच्या केसांबद्दल पहिला शब्द कौतुकाचाच ऐकू येऊ दे. आणि मराठी पहिल्या दिवसापासून बोल. मी ते उशिरा सुरू केलं, माझी मुलं आजीशी फोनवर दोन वाक्यांपलीकडे जात नाहीत, आणि त्याची खंत मला जन्मभर राहील.

तू सर्वांत जास्त अडली आहेस ती झाडूवरून. सासरच्यांना लग्नात केरसुणी ओलांडायची आहे, आणि आत्याला हे कोण सांगणार, असं विचारत होतीस. आपल्याकडे केरसुणीला चुकून पाय लागला तरी नमस्कार करतात, ती लक्ष्मी. मलाही ऐकून क्षणभर धस्स झालं, खोटं कशाला बोलू. मग वाचलं. गुलामगिरीत या लोकांच्या लग्नाला कायद्यानं काही किंमत नव्हती. मालकाला वाटलं की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे विकली जायची. भटजी नाही, दाखला नाही, तेव्हा माणसांदेखत झाडू जमिनीवर आडवा टाकून दोघांनी हात धरून ओलांडायचा, आणि ते लग्न. 1977 साली टीव्हीवर 'रूट्स' मालिका लागली तेव्हा ती चाल पुन्हा घराघरांत आली. ज्यांना कुणी दाखला दिला नाही त्यांचा तो दाखला आहे गं.

हे मी आत्याला सांगणार आहे, माझ्या तोंडून. आणि तिला विनंती करणार आहे की लक्ष्मीपूजनाला तू नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतेस, तसं या केरसुणीलाही तूच वाहा. अंतरपाट दूर होऊ दे, सप्तपदी होऊ दे, मग पूजा, मग दोघांनी ओलांडणं, आणि ओलांडून झाल्यावर वाकून नमस्कार. केरसुणी मी सांगलीहून मागवते, शिंदीच्या पानांची.

पत्रिका छापायला देशील तेव्हा "आमचे येथे श्रीकृपेकरून" च्या खाली त्याच्या आईवडिलांची आणि आजीची नावं पूर्ण छाप, आपल्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरांत, आणि फोटोही दोघांचा टाक. पहिली प्रत आत्याला पाठव. तारीख पक्की झाली की मला आधी कळव. आत्याचं तिकीट मी काढते आणि तिला घेऊन मी येते.