मुलं मागे ओढायची की पाठीशी बसवायची?

प्रश्न : चार आणि सात वर्षांच्या मुलांना कॅम्पातून मोसम पुलापलीकडच्या शाळेत सोडते. लांब कॅरिअरची इलेक्ट्रिक सायकल घ्यावी की साध्या सायकलला ट्रेलर जोडावा?
– एक वाचक, मालेगाव

उत्तर : ताई, मुलांसाठी ट्रेलर नकोच. पुलावरच्या रिक्षा, हातगाड्या, कापडाचे तागे वाहणारे टेम्पो यांच्या गर्दीत तो चालकांच्या नजरेच्या टप्प्याखाली राहतो आणि मुलं थेट धुराच्या उंचीवर येतात. एक चाक खड्ड्यात गेलं की कलंडण्याची भीती वेगळीच. दळण, किराणा आणायला खुशाल वापरा.

इलेक्ट्रिक सायकल घ्या, पण आधी वजन मोजा. दोन मुलं आणि दप्तरं चाळीस किलोंच्या घरात जातात; साधं कॅरिअर बहुधा २५ किलोंचंच असतं. फ्रेमलाच जोडलेलं भक्कम कॅरिअर, पाय ठेवायला पट्टी, पाय चाकात जाऊ नये म्हणून जाळी, दोन पायांचा स्टँड आणि डिस्क ब्रेक हवेतच. मोटर २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंपर्यंत असेल, तर नोंदणी व परवाना लागत नाही. विक्रेत्याकडून हे लेखी घ्या. मे महिन्यात उन्हातून आल्यावर बॅटरी निवल्यावरच चार्जिंगला लावा. दोन्ही मुलांना हेल्मेट पहिल्या दिवसापासून घाला.