धाकटे कॉलेज आणि थोरले विद्यापीठ

अमेरिकेत शिक्षणास जाऊ इच्छिणारा विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्याकडे सल्ल्यास येतो, तेव्हा तेथील मोठ्या विद्यापीठांची नावे दोघांसही मुखोद्गत असतात. आम्ही ग्रिनेल किंवा विल्यम्स असे एखादे नाव उच्चारले की वडिलांची मुद्रा उतरते. ‘कॉलेजच ना ते?’ असा त्यांचा प्रश्न ठरलेला.

प्रश्न स्वाभाविक आहे. १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाने लंडनचा कित्ता गिरविला, आणि शिकवावे कॉलेजाने व परीक्षा घेऊन पदवी द्यावी विद्यापीठाने, ही वाटणी आपल्या अंगवळणी पडली. त्यामुळे कॉलेज म्हणजे विद्यापीठाच्या पंखाखालचे पिल्लू, अशी आपली समजूत. अमेरिकेतील धाकटे कॉलेज हे कोणाचे पिल्लू नव्हे. ते स्वतंत्र असते, आपली पदवी आपणच देते, आणि बहुधा पदवीपर्यंतचेच विद्यार्थी ठेवते. ‘लिबरल आर्ट्स’ या नावानेही घोटाळा होतो. त्यास आपल्याकडील कला शाखा समजू नये. गणित, पदार्थविज्ञान, रसायन ही सर्व त्यात येतात.

मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या आपणांस तर अशा कॉलेजाचे ऋण आहे. मॅसॅच्युसेट्सच्या डोंगराळ कोपऱ्यात १७९३ साली स्थापन झालेल्या विल्यम्स कॉलेजातील पाच विद्यार्थ्यांनी १८०६ साली वादळात गवताच्या गंजीच्या आडोशास बसून प्रार्थना केली, व तेथून अमेरिकेच्या परदेशी मिशनकार्यास चालना मिळाली. त्याच कॉलेजाचा १८०८ सालचा पदवीधर गॉर्डन हॉल १८१३ साली मुंबईस उतरला, मराठी शिकला आणि १८२६ साली या देशातच मरण पावला. पुढे तेथे मार्क हॉपकिन्स हे अध्यक्ष झाले. एका ओंडक्याच्या एका टोकास हॉपकिन्स व दुसऱ्या टोकास विद्यार्थी बसला की कॉलेज झाले, अशा अर्थाचे उद्गार त्यांचे शिष्य व नंतरचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या नावावर सांगितले जातात. विल्यम्समध्ये आज सुमारे दोन हजार विद्यार्थी आहेत. तेथील काही वर्गांत एक अध्यापक व दोनच विद्यार्थी असतात: एकाने निबंध वाचावा, दुसऱ्याने त्याचे दोष काढावेत, पुढील आठवड्यास पाळी बदलावी. पाठांतरावर पोसलेल्या आमच्या मुलांस पहिला महिना घाम फुटेल, यात संशय नाही.

विद्यापीठाचा मार्ग निराळा. १८७६ साली बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ जर्मन धर्तीवर निघाले. असलेले ज्ञान शिकविण्याइतकेच नवे ज्ञान शोधणे हेही प्राध्यापकाचे कर्तव्य ठरले, आणि इतरांनी तो आदर्श उचलला. आज मोठ्या विद्यापीठात प्राध्यापकाची बढती मुख्यतः संशोधनावर अवलंबून असते. बर्कले येथे ४५ हजारांच्या आसपास विद्यार्थी आहेत. पहिल्या वर्षाचे एखादे व्याख्यान शेकडो मुले ऐकतात, आणि त्यांचे निबंध पुष्कळदा उच्च पदवीचा अभ्यास करणारे तरुण तपासतात. हा कोणाचा आळस नव्हे. त्या घराची रीतच तशी आहे. तिच्याच बळावर तेथील ग्रंथालये व प्रयोगशाळा उभ्या आहेत. १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. आंबेडकरांस तो ग्रंथसंग्रह अमृतासारखा लाभला. परंतु ते एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. होऊन उच्च पदवीसाठी गेले होते. काय खणावयाचे हे त्यांस ठाऊक होते. सतरा वर्षांच्या मुलास ते सहसा ठाऊक नसते.

आयोवा राज्यात मक्याच्या शेतांमध्ये वसलेल्या ग्रिनेल कॉलेजात रॉबर्ट नॉइस नावाचा विद्यार्थी होता. १९४८ साली त्याने वसतिगृहाच्या मेजवानीसाठी शेजारच्या शेतातून डुकराचे पिल्लू पळविले. शेतकऱ्यांच्या मुलुखात हा गुन्हा क्षुल्लक नव्हता. पदार्थविज्ञानाचे अध्यापक ग्रँट गेल यांनी रदबदली केली, आणि कायमचे नाव कमी होण्याऐवजी अर्ध्या वर्षाच्या बंदीवर निभावले. ट्रान्झिस्टर त्याच वर्षी जगापुढे आला होता. गेल यांनी अगदी आरंभीच्या ट्रान्झिस्टरांपैकी दोन मिळविले होते, आणि परत आलेला नॉइस त्यांच्यापाशी ती विद्या शिकला. पुढे १९५३ साली त्याने एम. आय. टी. येथे डॉक्टरेट घेतली, आणि १९६८ साली इंटेल कंपनीच्या दोघा संस्थापकांपैकी तो एक झाला. हजारोंच्या गर्दीत त्या पिल्लाच्या चोराची रदबदली कोणी केली असती, हे आम्हांस सांगवत नाही.

हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. टॉमस चेक हेही ग्रिनेलचेच. नंतर बर्कले येथे डॉक्टर झाले व १९८९ साली रसायनाच्या नोबेल पारितोषिकाचे वाटेकरी ठरले. २०२० साली तोच मान मिळविणाऱ्या जेनिफर डाउडना प्रथम पोमोना कॉलेजात व मग हार्वर्ड येथे शिकल्या. आधी धाकटे घर, मागून थोरले. म्हणून पहिल्या चार वर्षांपुरता आमचा कौल कॉलेजास आहे, विशेषतः मागच्या बाकावर मान खाली घालून बसणाऱ्या मुलासाठी. विद्यापीठातही प्राध्यापकाचे दार ठोठावणाऱ्यास प्रयोगशाळेत काम मिळते. पण आमची मुले दार ठोठावीत नाहीत. तेथे कोणाही अध्यापकास नाव ठाऊक न होता ती चार वर्षे काढू शकतील, हीच आमची धास्ती.

तथापि शाळेतच कॉलेजाचे गणित संपविलेल्या मुलास धाकट्या घरी दोन वर्षांत शिकण्यासारखे उरणार नाही. यंत्रविद्या बहुतेक कॉलेजांत नसते. शिवाय लहान गावी सर्वांस सर्वांचे सर्व ठाऊक असते, हे सुख प्रत्येकास मानवत नाही. खर्चाविषयी म्हणाल, तर छापील आकडा पाहून छाती दडपते. परंतु विल्यम्स व अ‍ॅम्हर्स्ट यांसारखी काही कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यासही घरची स्थिती पाहून साहाय्य देतात. सरकारी विद्यापीठात असे साहाय्य त्यास क्वचितच मिळते. कर्ज काढणाऱ्या पालकाने अर्ज धाडण्यापूर्वी दोन्हींकडे पत्र घालून विचारावे: पहिल्या वर्षी माझ्या मुलाचा निबंध कोण वाचील? आणि त्या पत्रास उत्तर कोण पाठवितो, तेही पाहावे.